कोमट पाण्याचा नाला

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. सातपूरला आमच्या कामगार वसाहतीमागून कारखान्याचा नाला वाहायचा आणि त्याचं पाणी कोमट असायचं. नाशिकची थंडी, नळ दिवसाआड. अशात फुकटचं ऊन पाणी कोण सोडतंय! वर साबणही निम्माच लागायचा. आम्ही सगळ्या बायका तिथेच धुणं घेऊन बसायचो. "कंपनीने आपल्यासाठी बंब पेटवलाय गं," म्हणून हसायचो.

माझी धाकटी तेव्हा नुकती रांगायला लागली होती. तिच्या मांड्यांवर लाल चट्टे उठले. दात येताहेत, शेजारीण म्हणाली. चट्टे फुटून पाणी वाहायला लागलं, पोर किंचाळायची. सासूबाईंनी मीठमोहऱ्या उतरवल्या, शेवटी नवस बोलल्या, "गंगामाई, पोर बरी कर, संगमावर आणून तुझ्या पाण्यात न्हाऊ घालीन."

मी तिला घेऊन माहेरी कळवणला गेले. तिथे आई विहिरीच्या पाण्यात रिठ्याने तिचे लंगोट धुवायची. चट्टे सुकले. परत येऊन नाल्यावर लंगोट धुतले, आणि पोर पुन्हा लालभडक! तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. लंगोट जिथवर बांधायचे, चट्टे तिथवरच होते.

नवरा त्याच कारखान्यात. म्हणाला, "बाहेर बोलू नकोस. कारखाना बंद पडला तर खायचं काय?" बोलले नाही, पण नाला सोडला. नळाचं पाणी भरून ठेवायचे, रिठे उकळायचे. शेजारणी म्हणायच्या, हिचं आपलं काहीतरीच.

पोर बरी झाली. सासूबाईंच्या मते अर्थातच नवसाने. मग निघालो नवस फेडायला. संगम म्हणजे नासर्डी नदी गोदावरीला, आमच्या गंगेला, मिळते ती जागा. आमचा नाला पुढे नासर्डीतच जातो, हे मेलं माझ्या ध्यानातच नव्हतं. पायऱ्या उतरताना नाल्याचा तोच उग्र वास नाकात शिरला.

सासूबाई पोरीचं झबलं काढत होत्या. मी तिला हिसकावूनच घेतलं.

"अगं, गंगा कधी बाटती का? नवस हाय तो!"

"असू दे! माझी पोर मी या पाण्यात घालणार नाही!" आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यावर ओरडले.

"नवस माझा हाय, मी फेडते," म्हणाल्या आणि लुगड्यासकट पाण्यात शिरल्या. पोरीला छातीशी धरून मी काठावरून नुसत्या हाका मारत राहिले. बुडी मारून वर आल्या आणि ठसक्यात म्हणाल्या, "बघ, काय झालं का मला?"

बसमध्ये त्या पदराआडून सारख्या दंड खाजवत होत्या. मी खिडकीबाहेर बघत बसले. घरी पोचल्यावर हळूच म्हणाल्या, "सूनबाई, ते रिठ्याचं पाणी हाय का गं थोडं?"