पायऱ्या बुजवणारे साहेब

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि आमच्या आरोग्यखात्याचे हुकूम नागपूरहून यायचे. मी कंपाउंडर. माझे साहेब तसे डॉक्टर होते, पण औषध देण्यापेक्षा रोग येतो कुठून हे हुडकण्यातच त्यांचा जीव रमायचा. त्यांनी नारूचा पिच्छा धरला होता. ऐन पेरणीच्या तोंडावर पायातून दोऱ्यासारखा जंत बाहेर पडतो आणि धडधाकट गडी महिनाभर बाजेवर पडून राहतो. रोहिणखेडच्या बाजूच्या एका गावात तर असा आजारी नाही असं घर सापडत नसे.

साहेबांनी घरोघर चौकशी केली आणि बोट ठेवलं ते गावच्या पायविहिरीवर. नारूवाला पाय पाण्यात बुडतो, जंताची पिल्लं पाण्यात सुटतात आणि तेच पाणी गाव पितं. पायऱ्या बुजवायच्या आणि वरून दोरानं पाणी शेंदायचं, एवढाच त्यांचा उपाय होता.

उन्हाळ्यात गाव पारावर जमलं. अडून बसली ती सुईण. "सायेब, आमची बाळंतीण पायऱ्या उतरून पाण्याले पुजते. पायऱ्या बुजवल्या तं तिनं कुठी जावं?"

दुसरा कोणी हसला असता. साहेबांनी पूजा कशी मांडतात ते तिच्याकडून नीट ऐकून घेतलं आणि काठावर ओटा बांधून द्यायचं कबूल केलं. गाव वळलं. मला कुठे गप्प बसवतंय? "पुढच्या साली औषधालाही नारू सापडणार नाही," असं मी ठोकून दिलं.

साहेबांनी माझं बोलणं सगळ्यांसमोर खोडून काढलं. "सापडेल. यंदा पोटात गेलाय तो पुढच्या उन्हाळ्यात निघणारच. त्याच्या पुढच्या साली मात्र नाही."

लोक कुजबुजायला लागले. जमत आलेल्या कामात यांनीच माती कालवली, म्हणून माझं डोकं फिरलं. तेवढ्यात साहेबांनी पाणी मागितलं. चौपदरी फडक्यातून गाळल्याशिवाय ते घोटही घेत नसत आणि गाळणं हे माझं काम. मी तिरीमिरीत सुईणीनं विहिरीवरून आणलेल्या घागरीतून तांब्या भरला आणि तसाच पुढे केला. बोलता बोलता ते पिऊन गेले. मला लाज वाटली ती रिकामा तांब्या हातात आल्यावर.

पायऱ्या बुजल्या. पुढच्या उन्हाळ्यात नारू आलाच. गावाच्या ध्यानात राहिलं होतं ते नेमकं माझं वाक्य. पहारी घेऊन माणसं पायऱ्या मोकळ्या करायला निघाली आहेत, असा निरोप आला. मी म्हटलं, शिपाई सोबत घेऊ. साहेब फक्त मला घेऊन छकड्यातून निघाले.

विहिरीपाशी त्यांनी पायाची पट्टी सोडली. घोट्याजवळ, रोज थोडाथोडा ओढून काडीला गुंडाळलेला नारू होता. ती पट्टी महिनाभर मीच बांधत होतो, आणि न गाळलेल्या तांब्याचं लपवून ठेवलं होतं.

"मी इथलं पाणी प्यालो ते गेल्या साली," साहेब म्हणाले. "निघाला आत्ता."

सुईण पुढे आली. "पण सायेब, तुमी तं गाळून पेता."

आता गप्प राहणं शक्यच नव्हतं. "त्या दिवशी मी गाळलं नव्हतं," मी म्हणालो. "रागात होतो."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग खिशातून वही काढली. "वार कोणता होता, आठवतं?"

"बुधवार," सुईण म्हणाली. "बाजाराचा दिस होता तो." ती वाकून त्यांचा पाय बघत राहिली, मग पहारवाल्यांकडे वळली. "ठेवा बे खाली. अजून एक उन्हाळा पाहू."

त्या पुढच्या उन्हाळ्यात गावातला एकही गडी बाजेवर नव्हता. साहेबांचा पाय मात्र त्या नारूनं चिघळला होता आणि गुडघा कायमचा आखडला होता. पंगतीत मांडी घालून जेवणारा तो माणूस पुढे आयुष्यभर खुर्चीवर जेवला, आणि कोणी कारण विचारलं तर, मी समोर असो नसो, वय झालं म्हणायचा.