सातव्या बगळ्याची चोच

विभा माझी धाकटी बहीण. सख्खी. मार्चमध्ये ती गेली. तिला लाकूड कोरायची पटाशी धरायला मी शिकवलं, हे आधीच सांगतो. कोणी वेगळं सांगितलं तर ऐकू नका.

मी विनायक, आठवी पास. डोंबिवलीत माझा फर्निचरचा कारखाना आहे. सागवानात माझ्यासारखा हात पार ठाण्यापर्यंत कोणाचा नाही. पण विभा माझ्याही पुढे गेली. शशिकांतरावांची, म्हणजे तिच्या नवऱ्याची, बँकेने जपानला बदली केली. तीन वर्षांसाठी गेली ती चौदा वर्षं टोकियोत, फुनाबोरीला राहिली. जवळच इचिकावाला मुराकोशी-सान म्हणून म्हातारे कारागीर आहेत. त्यांच्याकडे पहिली दोन वर्षं तिने नुसत्या पटाश्या घासल्या. मग देवळांची नक्षी कोरली, तीही गुरूच्या नावाने. त्यांचा नियमच तसा. अख्खं काम आपल्या एकट्याच्या हातचं असेल तरच मागे आपलं नाव कोरायचं.

गेल्या वर्षी तिला पहिलं स्वतःचं काम मिळालं. वस्तीच्या हॉलमध्ये दारावर बसवायची फळी, शेतात उतरलेले सात बगळे. सातव्याची चोच राहिली आणि हिच्या डोक्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, पण उजवी मूठ वळेना. मी मिळेल त्या विमानाने गेलो.

"रविवारी फळी न्यायला येणार रे," ती म्हणाली. "एवढीशी चोच राहिली."

"मग मी कशाला आलोय? मी करतो. नाव तुझंच घाल. एका चोचीचं कोण बघतंय?"

ती म्हणाली, "दादा, हे सागवान नाही. हिनोकी आहे, मऊ लाकूड. हळू हात हं."

"मला शिकव आता! तुला कोणी शिकवलं?"

"तूच रे बाबा," म्हणून हसली.

शनिवारी दुपारी ती झोपली तेव्हा मी बसलो. सागवानाला देतो तसा ठोका दिला. चोच उडून माझ्या मांडीवर पडली. गोंदाने चिकटवली, घासली. सांधा मलासुद्धा दिसेना.

उठल्यावर तिने डावा अंगठा चोचीवरून फिरवला. एका जागी तो थांबला.

"तुटली होती का रे?"

"माझ्या हातून? वेडी आहेस का?"

"छान झालीय," एवढंच म्हणाली. संध्याकाळी डाव्या हाताने कागदावर 'विभा', 'विभा' गिरवत बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुराकोशी-सान दोन माणसं घेऊन आले. फळी पालथी केली. विभाच्या लेकीने, जुईने, बारीक पटाशी तिच्या डाव्या मुठीत दिली. विभा त्या कोऱ्या लाकडाकडे बघत राहिली. मग जपानीत काहीतरी बोलली. जुई रडायला लागली.

"काय म्हणाली गं?"

"आई म्हणते, एक चोच मामाची आहे. म्हणून नाव नको."

ऐंशी वर्षांचा तो माणूस माझ्याकडे वळला आणि कमरेतून वाकला, कारागिराने कारागिराला मान द्यावा तसा. खरं सांगायला मी तोंड उघडलं. विभाने माझ्याकडे बघून मान हलवली. नको.

फळी कापडात गुंडाळून नेली. मागून कोरीच. पटाशी काढून घ्यायला मला तिची बोटं एकेक करून उघडावी लागली.