नकाशावरून उतरलेली हिमनदी

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी सिंगापुरातल्या रॅफल्स प्लेसच्या, एसीने गारठलेल्या ऑफिसात स्वेटर घालून अनघा साठ्ये उपग्रहचित्रांत एक हिमनदी तपासत होती. बर्फ स्वतःच्या भाराने सरकायचा थांबला, की तिची कंपनी नकाशावरून हिमनदीचे नाव काढते. या हिमनदीचा बर्फ थांबला होता.

मॅनेजर दीपेश हबकला. नकाशा एका सहल कंपनीसाठी होता. "अगं, डिसेंबरपर्यंत राहू दे. गिऱ्हाईक जाईल!"

"बर्फ हलत नाही, दीपेश."

"पर्यटक हलतात ना!"

अनघाने नाव काढले. तिने स्वतः बर्फ फक्त हौगांगच्या फ्लॅटमधल्या फ्रीजमध्ये पाहिला होता.

गिऱ्हाईक गेले नाही. सहल कंपनीने दुपारीच नवी जाहिरात काढली: 'हिमनदीचे अंत्यदर्शन'. जागा दुप्पट. बुकिंग उद्या सकाळी दहापासून.