जखमेवरचे तळवे

ओठांवर नाम असावे आणि अंतःकरण मात्र रिते व्हावे, ही अवस्था मी उतारवयात प्रथमच अनुभवली. अमरावतीस संस्कृत शिकविण्यात माझे आयुष्य गेले. शरणागती म्हणजे काय, हे कितीतरी मुलांना मी समजावून सांगितले असेल. परंतु चांदूर बाजाराजवळच्या आमच्या संत्र्याच्या बागेत धाकटा भाऊ वसंता रक्ताच्या थारोळ्यात पडला, तेव्हा त्या अर्थांपैकी एकही माझ्या उपयोगी आला नाही.

संत्र्यांची तोड आटोपली होती. झाडांवरच्या वाळक्या फांद्या, ज्यांना आमच्याकडे सल म्हणतात, वसंता शिडीवर चढून काढीत होता. शिडी सरकली, तो खाली कोसळला आणि हातातला कोयता त्याच्या जांघेत खोल शिरून बाजूला पडला. त्याची पत्नी सुमन हळदीचा डबा घेऊन धावली. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही जखमेत हळदच भरत आलो. ती मूठभर हळद पाहता पाहता वाहून गेली. हातापायाची जखम असती तर वरून करकचून बांधता आली असती. जांघेत बांधावे तरी कोठे? मी माझे उपरणे दाबून धरले, अंबामातेचा धावा केला, आणि रक्त थांबले का म्हणून पुनःपुन्हा ते उचलून पाहू लागलो. प्रत्येक वेळी रक्त नव्याने उसळे. वसंताचे ओठ पांढरे पडले होते. तशातही तो पुटपुटला, "दादा, तुये हात दुखत असतीन. सोड आता." देवी येथे नाही, अशी एक थंडगार खात्री त्या क्षणी माझ्या मनात उतरली. ती खात्री किती सहज उतरली, हे आठवले की आजही भय वाटते.

त्याच सुमारास रस्त्यावर एक मोटार थांबली. उरलीसुरली संत्री मिळतील का, हे विचारण्यासाठी अकोल्याची एक बाई उतरली होती. सुमनचा आक्रोश ऐकून ती आत धावली, जखम पाहून तशीच मागे फिरली आणि गाडीतून एक लहानसे पाकीट घेऊन आली. लष्करी रुग्णालयात तिने परिचारिका म्हणून नोकरी केली होती, हे पुढे वाटेत तिच्याच बोलण्यातून कळले. "पाकीट एकच हाय," एवढेच ती म्हणाली. पाकिटातली लांब पट्टी तिने बोटाने जखमेच्या तळापर्यंत ठासून भरली, आणि माझे दोन्ही तळवे धरून वर दाबले. थोड्या वेळाने सवयीने माझा हात किंचित उचलला गेला, तशी ती कडाडली, "काकाजी, झाकण उचलून भात शिजला का पाहून राहिले का? तुमी पाह्यल्यानं थांबनार हाय ते? मी म्हणीन तवाच हात काढा!"

मी डोळे मिटले. तळव्यांखालची ऊब हळूहळू वाहायची थांबली, की माझेच हात बधिर झाले, हे मला कळत नव्हते. प्रार्थनाही सुचत नव्हती. केवळ भार टाकून राहणे एवढेच उरले होते. तिच्याच मोटारीतून आम्ही अमरावतीला निघालो. वाटभर मी तसाच वसंतावर ओणवा होतो. रुग्णालयाच्या दारात त्याला उतरवून घेतल्यावरच तिने मला हात काढू दिले. मी मागे वळलो तोवर ती गेलेली होती. तिचे नावही मला विचारता आले नाही.

शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितले. त्या पट्टीला मातीच्या जातीची एक पांढरी भुकटी लावलेली असते. ती बाहेरून बांध घालीत नाही; गोठण्याची जी शक्ती रक्तात मुळातच आहे, तिला ती त्वरेने जागे करते. मात्र धरलेली गुठळी कोवळी असते. दाब काढून पाहिले की ती मोडते. माझी भक्ती आयुष्यभर अशीच होती, हे मला तेथे बाकावर बसल्या बसल्या कळले. देवीच्या हवाली केल्यासारखे करावे आणि लगेच उचलून पाहावे.

वसंता वाचला. पाय मात्र वाचला नाही. रक्तवाहिनी फार तुटली होती, मांडीपासून तो काढावा लागला. शुद्धीवर आल्यावर त्याने पांघरुणाखालची रिकामी जागा चाचपली आणि माझ्याकडे पाहून विचारले, "दादा, वाचवलं काहून मले?" सुमन तोंडाला पदर लावून बाहेर गेली. मी त्याचे पांघरूण सारखे केले.

आता तो घरी आहे. तो बागेकडे तोंड करून बसत नाही; खाट भिंतीकडे वळवून घेतो. मी रोज त्याच्याजवळ बसतो. ती बाई कोण, तिला कोणी पाठविले, याचा निवाडा मी करीत नाही. भावाचा श्वास मला ऐकू येतो, त्यासाठी मी दोन्ही हात जोडतो. त्याच्या प्रश्नाचे उत्तर मात्र जिने त्याला राखले त्या अंबामातेवर सोपविले आहे. ते तिने वसंतालाच द्यावे, आणि तिच्या वेळेने द्यावे.