पंखाखालची बादली

"मॅडम, माझं विमान गळतंय," फोनवरचा माणूस म्हणाला. आवाज असा, की घरचं कुणी आयसीयूत असावं.

नोकरीतून निवृत्त होऊन मी नुकतीच श्रीवर्धनला, सासरच्या वाडीत राहायला आले होते. आयुष्य मुंबईच्या विमानतळावर मोठ्या विमानांच्या पोटाखाली दुरुस्त्या करण्यात गेलेलं. आता सुपारीच्या सावलीत आरामखुर्ची टाकायची, एवढाच बेत होता. पण 'विमानवाल्या बाई' ही माझी ख्याती माणगावपर्यंत कधी पोचली, मला कळलंच नाही.

हा माणूस उत्तर रायगडातला, मिठागरवाल्या घरातला. वडलांनी मीठ वाहायला एक ट्रक घेतला होता. याने त्या एकाचे पुष्कळ ट्रक केले. पन्नाशीत त्याला उडायचं वेड लागलं. रीतसर शिकून लायसन्स काढलं आणि चार माणसं बसतील असं एक जुनं विमान घेतलं. वयाने ते माझ्याहून थोडंच लहान. माणगावच्या अलीकडे कातळाच्या माळावर एका बंद कारखान्याची धावपट्टी होती, ती त्याने भाड्याने घेतली होती.

मी तिथे पोचले तेव्हा विमानाच्या डाव्या पंखाखाली बादली होती आणि बादलीशेजारी खुर्ची टाकून मालकांची आई बसली होती. पंखाखालून एक बोटभर नळी बाहेर आलेली. तिच्या टोकाला थेंब जमायचा, लोंबायचा आणि टप्पकन बादलीत पडायचा.

"काय गो बाय," म्हातारीने मला विचारलं, "ह्याला लघवीचा तरास हाय का? माझ्या घोवाला बी होता."

"आई, तू गप," मालक म्हणाले.

"बादलीतल्या पेट्रोलचं काय करता?" मी विचारलं.

"वालवीवर वतते. एक वालवी जगली न्हाय," उत्तर म्हातारीने दिलं.

दहा पावलांवर चहाचा स्टोव्ह फुरफुरत होता. मी आधी तो विझवायला लावला. मग बादली उचलून लांब ठेवली आणि म्हातारीची खुर्चीही उचलून लांब ठेवली. तिला खुर्ची हलवलेली आवडली नाही.

आजार साधा होता. विमानाच्या टाक्या पंखांत असतात. इंजिन पेट्रोल पितं, तसतशी त्या जागी हवा आत यावी लागते. ती हवा या नळीतून येते. म्हणजे नळी हे टाकीचं नाक. आता मालकांनी सकाळच्या गारव्यात टाकी काठोकाठ भरली, मग ऊन चढलं, पेट्रोल फुगलं आणि नाकातून बाहेर आलं. शिवाय नळीच्या आतली झडप इतकी जुनी, की पूर्ण मिटतच नव्हती. त्यात विमान डावीकडे कललेलं. उजव्या टाकीतलं पेट्रोल गुपचूप डावीकडे यायचं आणि तेही बादलीत.

"कललेलं? जमीन एकदम लेव्हल आहे, मॅडम. मी स्वतः रोलर फिरवलाय," मालक म्हणाले.

त्यांच्या आईने कनवटीची चंची सोडली, एक अख्खी सुपारी काढली आणि चाकाजवळच्या काँक्रीटवर ठेवली. सुपारी क्षणभर थांबली, मग डावीकडे निघाली ती थेट गवतात गेली.

"जा, आन ती," म्हातारी मुलाला म्हणाली. ट्रकांचे मालक गवतात शिरले.

मी सांगितलं: टाकी काठोकाठ भरू नका. विमान उभं करताना पेट्रोलची चावी एकाच टाकीवर ठेवा, म्हणजे इकडचं तिकडे जाणार नाही. डावा पंख चढाच्या बाजूला येईल असं वळवून ठेवा. झडप नवी मागवते, ती येईपर्यंत उडवू नका.

"एवढंच?" मालक म्हणाले. त्यांचा चेहरा पडला. काहीतरी भारी दुखणं असेल, अशी त्यांची अपेक्षा होती.

काही दिवसांनी त्यांचा फोन आला. या खेपेला आवाजात पेढे होते. "मॅडम, गळती बंद! एक टिपूस नाही. झडपबिडप काही नको. उद्या सकाळी आईला फिरवतोय. तुम्ही पण या."

"बंद कशी झाली?"

"आपला घरचा उपाय."

ते ऐकून मला झोप लागेना. पहाटेच गाडी काढली.

म्हातारी आधीच मागच्या सीटवर बसली होती. नवं कोरं लुगडं, डोक्यात अबोलीचा वळेसर. विमानाच्या नाकालाही झेंडूचा हार होता. तो मी काढायला लावला. "उडायच्या आधी जमिनीवर इंजिन चालवून बघू," मी म्हणाले आणि मालकांच्या शेजारी जाऊन बसले. इंजिन सुरू झालं. छान, एकसुरी आवाज. मालकांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी माफीच मागायला हवी होती. दहाएक मिनिटं झाली असतील. मग इंजिन खोकलं. पुन्हा खोकलं. नाकावरचा पंखा दोन गचके खाऊन थांबला.

"टाक्या फुल आहेत!" मालक ओरडले. "मी स्वतः भरल्यात! काल दुपारी!"

सगळ्यांना खाली उतरवलं. शिडी लावून मी डाव्या टाकीचं झाकण फिरवलं. ते सहज उघडेना. जोर लावला तशी टाकीने लांबलचक 'सुस्स्स' करून हवा आत ओढली.

"श्वास घेतला मेल्यानं," खालून म्हातारी म्हणाली.

अगदी तेच झालं होतं. मी शिडीवरून उतरून नळीत बोट घातलं. बोट पांढरं झालं. वास घेतला तर चंदन.

"साबण?" मी विचारलं.

"अंघोळीचा," मालक म्हणाले. "मॅडम, डिझेलची टाकी गळली की ड्रायव्हर साबणच भरतो. साबण डिझेलमध्ये विरघळत नाही. माझ्या गाड्या साबणावर पार नागपूरला गेल्यात."

"तुम्ही टाकीचं भोक नाही बुजवलं. तुम्ही तिचं नाक बुजवलंत. दोन्ही टाक्या याच नळीतून श्वास घेतात. हवा आत येईना, म्हणून पेट्रोल खाली येईना. हेच वर गेल्यावर झालं असतं तर?"

मालकांनी एकदा आईकडे बघितलं, एकदा आभाळाकडे, आणि ते तिथेच काँक्रीटवर बसले.

म्हातारी मात्र उभी होती. "मला म्हनला, आई, नवा लुगडा नेस," ती मला म्हणाली. "आता समजला कशाला ते." मग तिने मुलाच्या पाठीत एक धपाटा घातला. तो माळभर ऐकू गेला.

साबण काढायला सबंध दिवस गेला. आतली नळी सोडवून धुतली, वाळवली, पुन्हा धुतली. मालक आडवे पडून टॉर्च धरत होते आणि मी सांगेन ते निमूट करत होते. पुढे नवी झडप आली, ती बसवली. विमान उभं करायची जागाही बदलली; ती निवडताना तिथे पाण्याने भरलेलं ताट ठेवून बघितलं. सगळी तपासणी मनासारखी झाल्यावर एका सकाळी आम्ही तिघं खरोखर उडालो.

मालकांनी विमान फार सुरेख चालवलं, हे मान्य करायला हवं. खाडी, खारफुटी, किनाऱ्यालगतच्या होड्या, सगळं खाली सावकाश सरकत होतं. म्हातारी काचेला नाक लावून होती. मी मात्र जन्मभर मोठ्या विमानांत काम केलेली. समुद्रावरच्या वाऱ्यात हे इवलंसं विमान हिंदकळायला लागलं, तसा सकाळचा चहा माझ्या घशाशी आला. पिशवी सापडेपर्यंतही धीर नव्हता.

मागून एक सुरकुतलेला हात पुढे आला. हातात पिशवी होती. दुसऱ्या हाताने माझं कपाळ घट्ट धरलेलं.

"वक गो बाय, वक," म्हातारी कानाशी म्हणाली. "दाबून ठेवू नको. दाबून ठेवला का इंजिन बंद पडतंय."

मालक समोर बघत विमान चालवत होते. हसले नाहीत, पण खांदे हलत होते.