सूर्य मावळायच्या आधी की नंतर

महिन्याची पंचवीस तारीख आली की ठाण्याहून माझ्या मोबाइलवर फोटो यायला लागतात. वहीचं पान, लग्नपत्रिका, औषधाच्या चिठ्ठीमागं पेन्सिलीनं लिहिलेला मजकूर, काय वाट्टेल ते. ते सगळं मी टाइप करते, समाजाच्या दोन पानी मासिक पत्रकात कोंबते आणि परत पाठवते. वर मथळा असतो, 'समाजातील बातम्या व आगामी कार्यक्रम'. कोणाचं लग्न ठरलं, कोण वारलं, कोणाकडे मलिद्याच्या विधीचं बोलावणं आहे, मशिदीचं छप्पर कुठवर आलं, एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या जागी जायला अलिबागच्या बाजूची बस किती वाजता सुटणार. आम्ही बेने इस्राएल, मूळचे कोकणातले यहुदी. आमच्यातली जुनी माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणतात, म्हणून मीही तेच टाइप करते. कोणी हरकत घेतली तर घेऊ दे.

हे सगळं मी चंद्रपुरात बसून करते आणि त्यातल्या एकाही कार्यक्रमाला मी नऊ वर्षांत गेलेली नाही. काम गळ्यात पडलं कारण मी जिल्हा परिषदेत टायपिस्ट होते आणि मराठी टायपिंग समाजात आता कोणाला येत नाही. 'तुम्हाले घरीच बसून करता येईल,' असं आमच्याच एका नागपूरच्या नातेवाइकानं मला मोठ्या मायेनं सांगितलं होतं. घरी बसून करता येण्यासारखीच कामं माझ्या वाट्याला येतात, हे त्याच्या लक्षात आलं नसावं.

वडील तरुणपणी कोकणातून वनखात्यात कारकून म्हणून आलापल्लीच्या सागवान डेपोत आले. मग सिरोंचा, मग गोंडपिपरी, मग चंद्रपूरला घर बांधलं आणि राहिले. आमच्या माहितीत जिल्ह्यात आमचं एकच घर. यहुदी म्हणजे ख्रिश्चन का, या प्रश्नाचं उत्तर देऊन देऊन वडील कंटाळले आणि शेवटी शेवटी 'हो, जवळपास' म्हणायला लागले. बोलीही त्यांची इथलीच झाली. धाकटी बहीण लग्न होऊन इस्राएलला गेली. मी लग्न केलं नाही. त्याची कारणं होती, आता ती सांगायला बसले तर मलाच राग येतो.

मागच्या हिवाळ्यात वडील न्हाणीत घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, आणि ते खाटेवर असतानाच आईला दवाखान्यात ठेवावं लागलं. बावीस दिवस. सकाळी वडिलांचं सगळं करायचं, शेजारच्या बाईंना त्यांच्याजवळ बसवायचं आणि डबा घेऊन आईकडे जायचं. या बाई रिटायर झालेल्या नर्स. बौद्ध आहेत, वीस वर्षांचा आमचा शेजार, आणि त्यांनी त्या दिवसांत जे केलं ते माझ्या सख्ख्या बहिणीनं केलं नाही. बहीण रोज फोनवर विचारायची, आई जेवली का. मी म्हणायची, जेवली.

बाविसाव्या दिवशी पाचच्या सुमारास आईचा डोळा लागला. श्वास घरघरत होता, पण तो आठ दिवसांपासून तसाच होता. मी तिच्या अंगावर चादर सारखी केली आणि चहा प्यायला खाली उतरले. फाटकासमोर एक टपरी आहे. तिथं मी चहा घेतला. मग आलूबोंडा घेतला, वर तर्री घेतली. मग अजून एक प्लेट. बाकावर बसले आणि रस्त्यावरची माणसं पाहत राहिले. कोणी मला हाक मारत नव्हतं, कोणाला माझ्याकडून पाणी, गोळी, बेडपॅन काही नको होतं. खरं सांगते, मी खूश होते. इतकी खूश मी कित्येक वर्षांत नव्हते. दिवे लागले, थंडी वाजायला लागली, तरी मी पाच मिनिटं, अजून पाच मिनिटं करत तिथंच बसले. वर गेले तेव्हा सव्वासहा झाले होते आणि आई गेलेली होती.

हात गार होता. शेजारच्या खाटेवरची म्हातारी झोपली होती. मी सिस्टरला हाक मारली, डॉक्टर आले, त्यांनी तपासलं आणि कागदावर साडेसहा अशी वेळ लिहिली. ती त्यांच्या येण्याची वेळ होती.

घरी आले तेव्हा वडील उशीला टेकून बसले होते. शेजारच्या बाईंनी चेहऱ्यावरूनच ओळखलं आणि बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. वडिलांनी रडण्याच्या आधी एकच विचारलं.

"शमा म्हटली ना तिच्या कानात?"

आमच्यात माणूस जाताना जवळच्यानं शमा म्हणायची असते. देव एक आहे, एवढंच त्यात आहे, लहान पोरालाही येते. ते शब्द ऐकत माणसानं जावं, ही वडिलांची फार इच्छा. स्वतःबद्दलही त्यांनी मला दहादा बजावलं होतं.

"म्हटली," मी म्हणाले.

"दिवस होता का मावळला होता?"

"उजेड होता."

हे दुसरं वाक्य मी का बोलले ते मला आजही नीट सांगता येत नाही. मी तिला शेवटचं पाहिलं तेव्हा खिडकीतून ऊन येत होतं, एवढं मात्र खरं होतं.

आता हे ज्याला माहीत नाही त्याला वाटेल, अर्धा तास इकडे तिकडे, काय बिघडलं. पण आमची तारीख सूर्य मावळला की बदलते. आई साडेपाचच्या आधी गेली असेल तर तिचा दिवस एक, नंतर गेली असेल तर दुसरा. दर वर्षी त्या दिवशी दिवा लावायचा, गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, कद्दीश, म्हणायचं. भलत्याच दिवशी म्हटलं तर ते तिच्या नावानं झालंच नाही, असं वडील मानतात. आणि ती कधी गेली हे मला ठाऊक नव्हतं. जगात कोणालाच ठाऊक नव्हतं. सगळ्या समाजाच्या घरांचे असे दिवस दर महिन्याला टाइप करणारी मी, आणि माझ्याच आईचा दिवस मला सांगता येईना.

त्यात कद्दीशला दहा पुरुष लागतात, तेरा वर्षांच्या वरचे. आईला इथल्या ख्रिस्ती दफनभूमीत एका कडेला जागा मिळाली, पण त्या दिवशी दहा जण कुठून आणणार. नागपूरहून चौघं आले. कद्दीश राहिलं. मी मातीहून परत आले तेव्हा वडील खाटेवरून म्हणाले, "वर्षाचं तरी दहा मानसांत झालं पाह्यजे. मग मी मोकळा." मी मनात म्हटलं, मोकळे तुम्ही, मी नाही.

वर्षभर मी तेच बाळगून राहिले. आंघोळीला पाणी काढताना, खिडकीच्या गजांवरची कोळशाची धूळ पुसताना, वडिलांचा पाय चोळताना. घरातून बाहेर पडायचं तर शेजारच्या बाईंना सांगून, तासाभराचा हिशोब देऊन. आणि घरात असताना वडील अधूनमधून विचारायचे, आई शेवटी काही बोलली का, डोळे उघडले का. दर वेळी मला थोडं थोडं नवं रचावं लागायचं. आधी म्हटलं, बोलली नाही. मग त्यांचं तोंड पाहून म्हटलं, हात दाबला. एकदा खोटं बोललं की ते रोज खाऊपिऊ घालून सांभाळावं लागतं.

दिवाळीनंतर ठाण्याहून फोन आला. दर महिन्याला फोटो पाठवणारे, पत्रकाचं काम पाहणारे एक काका आहेत, स्वभावानं चोख. म्हणाले, "तुमच्या आईचं वर्ष येतंय. पुढच्या पत्रकात घालूया, म्हणजे त्या बाजूची माणसं जमतील. पण एक सांगा, तुम्ही पाठवलेल्या सर्टिफिकेटवर साडेसहा आहे. थंडीचे दिवस, म्हणजे अंधार झाला होता. तुमच्या वडिलांनी मात्र आदल्या दिवसाची तारीख कळवलीय."

फोन स्पीकरवर होता. वडील खाटेवरून म्हणाले, "डॉक्टर उशिरा आला होता. माही पोरगी जवळच होती. ती सांगते तेच खरं."

काका म्हणाले, "मग प्रश्नच नाही."

त्या रात्री नव्हे, त्याच क्षणी मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. वडील माझ्याकडे असे विश्वासानं पाहत होते की मी नुसतं 'बरं' म्हणून फोन ठेवला. पत्रक मी टाइप केलं. 'आगामी कार्यक्रम' खाली आईचं नाव, वडिलांनी सांगितलेली तारीख, चंद्रपूरचा पत्ता, आणि दहा जणांची गरज असल्याची विनंती. स्वतःच्या हातानं खोटं टाइप केलं आणि दोनदा तपासलंही, काना-मात्रा चुकू नये म्हणून.

माणसं आली. नागपूरहून सहा, अमरावतीहून दोन, रेल्वेतला एक भुसावळहून. दहावे वडील. ते वॉकर धरून बैठकीत आले, डोक्यावर टोपी, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा. सूर्य मावळला तसा मी पाण्यावर तेल घालून पेल्यातला दिवा लावला आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले. मी त्या दहांत धरली जात नाही. वडिलांचा आवाज कद्दीश म्हणताना आधी घोगरा होता, मग मोकळा झाला. इतक्या दिवसांनी घरात एवढे पुरुष एका सुरात 'आमेन' म्हणाले आणि मी दाराची चौकट धरली. सगळ्यांना नारळाच्या दुधातला भात, मटण, केळी. माणसं रात्री राहिली नाहीत, गाड्या पकडून गेली. वडील त्या रात्री गोळी न घेता झोपले. सकाळी उठून म्हणाले, "झालं माय, आता झालं." मला ते ऐकवेना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी अजून एक पेला लावला. आई अंधारात गेली असेल तर तिचा दिवस आता सुरू होत होता, आणि तो दिव्याशिवाय जावा हे मला सोसेना. स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यामागं, भिंतीच्या कोपऱ्यात ठेवला. वडील स्वयंपाकघरात कधीच येत नसत, खुबा मोडल्यापासून तर नाहीच. मी मागच्या अंगणात कपडे काढायला गेले. परत आले तर वॉकर ओट्याला टेकलेला, आणि वडील पिठाचा डबा बाजूला सारून उभे. कालची माणसं येऊन गेल्यावर अंगात बळ आलं होतं म्हणे, पाणी स्वतः घ्यावं असं वाटलं.

"हा काऊन लावला?"

मी कपडे खुर्चीवर ठेवले. एकेका कपड्याची घडी करावी असं मला उगाच वाटत होतं.

"तू तिथं नव्हती," ते म्हणाले. विचारलं नाही, सांगितलं.

मग मी सगळं सांगितलं. टपरी, दोन प्लेट आलूबोंडा, थंडी, सव्वासहा. शमा म्हटली नाही. हात दाबला नाही. मी खूश होते हेसुद्धा सांगितलं, कारण तेच मला सगळ्यात जास्त खात होतं. त्यांनी मधे अडवलं नाही. शेवटी वॉकर उचलला आणि एक एक पाऊल टाकत खाटेकडे गेले. मी धरायला गेले तर त्यांनी हात झटकला.

आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. पाणी मागायचं तर पेला वाजवायचे. मी भरवलेलं खायचे, मी बदललेले कपडे घालायचे, मी चोळलेला पाय लांब करायचे, पण शब्द नाही. शेजारच्या बाईंनी मला विचारलं, "बाबाले काय झालं वं?" मी म्हटलं, काही नाही. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं, आणि पळायचं म्हटलं तरी तासाभरानं परत येऊन त्यांची सहाची गोळी मलाच द्यायची होती.

नवव्या दिवशी पंचवीस तारीख होती. फोटो आले, मी टेबलाशी टाइप करायला बसले. खाटेवरून आवाज आला.

"लिहून घे."

मी त्यांच्याकडे न पाहता नवी ओळ घेतली. ते कारकुनी पद्धतीनं, थांबत थांबत सांगायला लागले. आईचं नाव. मागच्या पत्रकात दिलेली तारीख निश्चित नाही. मृत्यूची वेळ माहीत नाही. तरी यापुढे दोन्ही दिवस पाळले जातील, आणि पुढच्या वर्षी जमलं तर दहा जणांनी दुसऱ्या दिवशी यावं.

"छापायचं?" मी विचारलं. "सगळे वाचतील बाबा."

"तारीख सगळ्याइले चुकीची सांगितली. दुरुस्ती बी सगळ्याइले सांगावं लागते."

मी टाइप केलं. ठाण्याचे काका फोन करतील, नागपूरचे लोक आपसांत बोलतील, माझी पोरगी जवळच होती हे वडिलांचं वाक्य कोणाला ना कोणाला आठवेलच. कारण काय लिहायचं म्हणून बोटं थांबली. मग मीच पुढं टाइप केलं, 'मुलगी त्या वेळी जवळ नव्हती', आणि सगळं त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं.

त्यांनी डोळे मिटून ऐकलं. शेवटच्या ओळीला हात वर केला.

"ते खोड."

"खरं आहे ते."

"खरं आहे म्हणूनच खोड. ते लोकाइले कशाले? ते आपल्या घरातच राहू दे."

मी ओळ पुसली आणि पत्रक पाठवून दिलं. घरात आम्ही दोघंच होतो.