सैल बोल्टांची बाई

रेल्वेचं सगळं यार्ड तिला मावशी म्हणायचं, पण मावशीचा लाड तिच्याकडून कुणाला मिळाला असेल तर शपथ. नवरा वारल्यावर ती त्याच्या जागी लागली आणि बावीस वर्षं रुळांचे जुने सांधे सांभाळत आली. पहिल्याच दिवशी मुकादम म्हणाला होता, "बाईमाणसाला पाना पेलायचा नाही." वर्षभरात सांधा अडला की तोच तिला हाका मारू लागला.

सांधा म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर घालणारी जागा. तिथं एक निमुळता रूळ असतो, त्याला जीभ म्हणतात. लिव्हर ओढला की जिभेचं टोक सरकून शेजारच्या मोठ्या रुळाला चिकटतं. आता लोखंडाची एवढी जड जीभ वळते कशी? इथंच भल्याभल्यांचं घोडं पेंड खातं. जुन्या सांध्यात जिभेचं मागचं टोक पुढच्या रुळाला पट्ट्या लावून चार बोल्टांनी जोडलेलं असतं. रुळाकडचे दोन करकचून आवळायचे. जिभेकडचे दोन किंचित सैल ठेवायचे, आणि नट निसटू नयेत म्हणून त्यांना पिन घालायची. दार बिजागरीवर फिरावं तशी जीभ त्या सैल जोडावर फिरते.

नवा इन्स्पेक्टर आला तो अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला. त्यानं पान्यानं ठोकून पाहिलं, दोन बोल्ट खडखडले, झालं! कागद तयार. 'माझ्या निष्काळजीपणामुळे बोल्ट सैल राहिले', आणि खाली मावशीची सही हवी. सही केली की सांध्यांचं काम हातचं गेलं. निवृत्तीपर्यंतची तीन वर्षं ऑफिसात झाडू मारायचा.

"सही नाही करणार," मावशी म्हणाली. "ते मीच सैल ठेवलेत."

"म्हणजे कबूल करताय?"

"कबुली कसली? ते तसेच ठेवायचे असतात."

मुकादमाची पाचावर धारण बसली. "मावशी, साहेबांच्या तोंडी कशाला लागता?"

साहेब पेटलाच. चारही बोल्ट त्यानं मुकादमाकडून घट्ट आवळून घेतले आणि फर्मावलं, "ओढा लिव्हर!" हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. लिव्हर निम्म्यात अडला. साहेब आणि मुकादम दोघांनी लोंबकळून ओढला तरी जीभ मोठ्या रुळापासून दोन बोटं लांबच राहिली. मावशीनं त्या फटीत पान्याचा दांडा घालून दाखवला.

"चाक इथं शिरतं, साहेब. मग पडलेले डबे मोजायला या."

साहेबाचा चेहरा उतरला. लांब सिग्नलपाशी एक मालगाडी येऊन थांबली होती आणि शिट्टीवर शिट्टी मारत होती. "बरं, करा पुन्हा सैल," तो हळूच म्हणाला. "हा कागद मी फाडून टाकतो."

दुसरं कुणी असतं तर सुटलो म्हणालं असतं. मावशीला मात्र आता खरा राग आला.

"फाडायचा नाही! तीन वर्षांनी मी घरी बसेन. तुमच्यासारखाच कुणी येईल आणि आवळून जाईल. तेव्हा सांगायला कोण असेल? लिहा त्याच्याखाली, बोल्ट तुम्ही आवळायला लावले आणि सांधा मिटला नाही."

"अहो, गाडी खोळंबलीय!"

"खोळंबू दे. उभी गाडी घसरत नाही."

साहेबानं गुडघ्यावर कागद टेकून लिहिलं. मावशीनं ते सावकाश वाचलं, त्याची सही राहिली होती तिथं बोट ठेवलं, आणि ती झाल्यावरच पाना घेऊन खाली बसली.